कोरा नमुना

त्या रबराच्या कारखान्यात कोणत्याही गोष्टीवर विश्वास ठेवायचा तर ती आधी गच्चीवर टांगून बघावी लागे. नवी पावडर आली, पुरवठादाराने छातीवर हात ठेवून शपथा घेतल्या, की लॅबवाल्या बाई रबराच्या पट्ट्या जोडीजोडीने कापून घेत. एकीत ती पावडर घातलेली, दुसरीत नाही. दुसरीला म्हणायचं कोरा नमुना. दोन्ही पट्ट्या एकाच तारेवर, एकाच उन्हात लटकत राहायच्या. काही महिन्यांनी खाली आणून वाकवून बघायच्या. कोऱ्या पट्टीला टाचेसारख्या भेगा पडलेल्या आणि पावडरवाली अजून मऊ, असं निघालं तर पुरवठादाराला चहा मिळे. दोन्हींना भेगा पडल्या तर त्याला दार दाखवलं जाई.

या पद्धतीवर थोरल्याचा जेवढा विश्वास होता तेवढा त्याचा डॉक्टरवर नव्हता, बायकोवर नव्हता आणि स्वतःच्या डोळ्यांवर तर मुळीच नव्हता. मिक्सिंग खात्यात सगळे त्याला मिस्त्री म्हणत. घरी तो धाकट्या भावाचा दादा. आपण थोरलाच म्हणू, कारण दोघं भाऊ एकाच मिलवर कामाला होते आणि गोष्ट दोघांची आहे.

मिल म्हणजे एकमेकांकडे फिरणारे दोन जाडजूड लोखंडी रोलर. मधून रबर पिळून निघतं. पुढच्या माणसाच्या हातात सुरी असते. तो रोलरवर चिकटलेली चादर कापतो, दुमडतो, पुन्हा आत लोटतो. मागचा माणूस वरून पावडरी ओततो आणि खाली सांडलेली झाडून परत वर टाकतो. भाऊ एक आठवडा पुढे, एक आठवडा मागे, असे आलटून पालटून उभे राहत. ज्याची मागची पाळी असेल त्याने काम सुरू व्हायच्या आधी तोलखोलीत जाऊन दिवसभराच्या पावडरी ट्रेमध्ये तोलून ठेवायच्या. काजळी, गंधक, रबर लवकर म्हातारं होऊ नये म्हणून घालायचे ते तपकिरी पापुद्रे, आणि अ‍ॅसिडच्या टाक्यांना आतून लावायच्या रबरासाठी शिशाची पिवळी पावडर.

तोलखोली कसली, कपाटच ते. एक खिडकी, तीही जाम झालेली. भिंतीतला पंखा हाताने ढकलला तर दोन फेऱ्या मारून आपलं समाधान करी. पिवळी पावडर इतकी बारीक की फावडं पिंपात घातलं तरी ती आधी हवेत उठे आणि मग सावकाश माणसाच्या पापण्यांवर येऊन बसे. बाहेर खिळ्यांवर मास्क ओळीने टांगलेले होते. डॉक्टरांची फेरी असली की सगळे ते लावत. एरवी त्यात गुदमरायला होतं, चष्म्यावर वाफ धरते, बोललेलं कोणाला ऐकू येत नाही, अशी सतरा कारणं तयार असत.

पहिली गडबड थोरल्याच्या उजव्या मनगटात झाली. सुरी धरलेला हात मध्येच लुळा पडायचा. एकदा चादर कापताना सुरी निसटली आणि ती धरायला त्याचा हात रोलरकडे गेला. धाकट्याने मागून लाथ घालून मिल थांबवायची दांडी दाबली. थोरला म्हणाला, मुठीला तेल लागलं होतं. मूठ कोरडी होती. पण मिस्त्रीला खोटं कोण पाडणार?

मग पोटात मुरडा येऊ लागला, भूक गेली, आणि मुळातच तापट असलेला हा माणूस घरात इतका तडकू लागला की बायकोने त्याच्याशी बोलण्याऐवजी भांड्यांशी बोलायला सुरुवात केली. शेवटी कारखान्याच्या डॉक्टरांनी दोघा भावांचं रक्त तपासायला पाठवलं. दोघांच्याही रक्तात शिसं निघालं. धाकट्याचं चालेल त्यापेक्षा जास्त, थोरल्याचं त्याहून बरंच जास्त, अगदी काठावर आलेलं. आणखी वाढलं तर मिलवरून उतरवावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. नवरा घरी काही धड सांगणार नाही हे माहीत असल्यामुळे बायको स्वतः दवाखान्यात येऊन बसली होती.

"शिसं आत गेलं की शरीराला ते ओळखता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "कॅल्शियम समजून ते हाडांत साठवून ठेवतं. रक्तात फिरतं तोवर जिथे जाईल तिथे पेशींना गंज चढवतं, असं धरा. शरीराकडे हा गंज थोपवणारे राखणदार असतात. शिसं आधी त्या राखणदारांनाच कामातून उठवतं. मग नसा, मूत्रपिंडं, रक्त तयार करणारी मज्जा, सगळ्यांची पाळी येते. तुमचं मनगट हा त्याचाच भाग आहे."

"यावर खायला काय द्यायचं?" बायकोने विचारलं.

"फळं, हिरव्या भाज्या द्या. संत्री, डाळिंब, टोमॅटो, पालक. त्यात अँटिऑक्सिडंट असतात. राखणदारांना थोडीफार मदत होऊ शकते. होऊ शकते म्हणतोय मी, होतेच असं नाही. खरं औषध म्हणजे पावडर नाकातोंडात जायची थांबली पाहिजे. मास्क लावा, हात धुतल्याशिवाय डबा उघडू नका, ते कपडे घालून घरी जाऊ नका."

थोरल्याने कान टवकारले ते अँटिऑक्सिडंटला. "हे तर आम्ही रबरात घालतो," तो म्हणाला. "ते तपकिरी पापुद्रे."

"ते खाऊ नका म्हणजे मिळवलं," डॉक्टर म्हणाले.

नवराबायको दवाखान्यातून बाहेर पडले तेव्हा डॉक्टरांचं अर्धंच बोलणं त्यांच्याबरोबर बाहेर आलं. मास्कचं अर्धं तिथेच टेबलावर राहिलं. फळं देता येतात, खाता येतात. मास्क लावायला स्वतःशीच रोज भांडावं लागतं. माणूस सोपं तेच उचलतो, यात नवल काही नाही.

त्याच दिवशी बायकोने पिशवीभर संत्री आणली आणि जेवणाच्या टेबलावर ओतली. थोरल्याने एक हातात घेऊन बघितलं, जसा तो नव्या पावडरीचा नमुना बघायचा.

"गुण येतो की नाही, कळणार कसं?"

"खाल्लं की कळेल," बायको म्हणाली.

"असं कळत नाही. मी बरा झालो तर संत्र्यांनी झालो की आपोआप, कोण सांगणार? कोरा नमुना पाहिजे." त्याने समोर बसलेल्या भावाकडे पाहिलं. "हा आहे की. एकच मिल, एकच पावडर, एकाच आईबापाची हाडं. मी खातो, हा खाणार नाही. पुढची तपासणी झाली की कागदावर येईल."

धाकटा कमी बोलणारा. आईवडील लवकर गेले तेव्हापासून तो याच घरात, वहिनीच्या हाताखाली वाढला. लग्नाचं विचारलं की हसून उठून जायचा. आताही तो हसला, पण उठला नाही. तो थोरल्याच्या हाताकडे बघत होता. थोरल्याने पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरला होता.

"चालेल, दादा. मी कोरा राहतो."

"माणसं काय रबराच्या पट्ट्या आहेत?" वहिनी कडाडली. "एकाच टेबलावर एकाला फळं वाढायची आणि दुसऱ्याने बघत बसायचं? मला नाही जमणार."

"हे शास्त्र आहे," थोरला म्हणाला. त्या घरात थोरल्याने शास्त्र म्हटलं की वाद संपत असे. पटत होतं म्हणून नव्हे, पुढे बोललं तर तो डोक्यावर मिऱ्या वाटेल म्हणून.

तिने ते ऐकलं, हे मात्र खरं. रोज सकाळी थोरल्यासमोर सोललेलं संत्रं, बीट-गाजराची कोशिंबीर, केमिस्टकडून आणलेली जीवनसत्त्वाची गोळी. धाकट्यासमोर पोळी आणि बटाट्याची भाजी. एकदा नवऱ्याची पाठ फिरलेली बघून तिने डाळिंबाचे दाणे दिराच्या डब्यात टाकले. त्याने ते बशीत काढून तिच्यासमोर ठेवले.

"वहिनी, नमुन्यात भेसळ नको."

"तुझ्या नमुन्याला आग लाव," ती म्हणाली. पण बशी तिने उचलून घेतली, आणि ती बशी उचलल्याचं पुढे तिला फार लागलं.

कारखान्यात ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. धाकट्याला सगळे 'कोरा' म्हणू लागले. "कोऱ्या, ऊन खाऊन आलास का?" "कोऱ्याला वाकवून बघा रे, भेगा पडल्या का." धाकटा हसून घेई. थोरला मात्र गंभीर होता. तो लॅबवाल्या बाईंना मुद्दाम सांगायला गेला, कारण अशा गोष्टीला लॅबची मान्यता हवी असं त्याला वाटत होतं.

बाईंनी ऐकून चष्मा काढला. "मिस्त्री, एकेका पट्टीवरून काहीच ठरत नाही. मीसुद्धा तीन-तीन जोड्या टांगते."

"मला भाऊ एकच आहे, बाई."

"मग त्याला तरी सुखाने जेवू द्या. बरं, ऊन दोघांना सारखं आहे का? एक सावलीत आणि एक उन्हात असेल तर तुमची सगळी मेहनत फुकट."

"सारखंच. एक आठवडा तो मागे, एक आठवडा मी. तोलायचंही तसंच."

"आणि ते पापुद्रे रबराला वाचवतात म्हणजे काय करतात, माहीत आहे ना? रबराच्या आधी ते स्वतः खर्च होतात. हवा रबर खायला येते, तो मारा पापुद्रे आपल्या अंगावर घेतात. संपले की रबराची पाळी. शरीरातही साधारण तसंच असतं म्हणतात. रोज नवीन शिसं ओतत राहिलात तर संत्री किती दिवस पुरणार? मास्क लावा हो."

"लावतो की," थोरला म्हणाला, आणि खरोखरच त्याने दोन दिवस लावला.

याच सुमारास त्याच्या आयुष्यात एक सुखद गोष्ट घडली. त्याची मागची पाळी आली, तो कुरकुरत तोलखोलीत गेला, आणि बघतो तर दिवसभराचे सगळे ट्रे तोलून, वर झाकण घालून ओळीने ठेवलेले.

"हे कोणी केलं?"

"स्टोअरकीपरने," धाकटा सुरीला धार लावता लावता म्हणाला. "म्हणाला, मिस्त्रींनी या वयात फावडं घेऊन बसणं बरं दिसत नाही. तुझ्या पाळीचे ट्रे तो भरून ठेवत जाईल."

थोरल्याला हे अजिबात नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते एवढ्याचंच, की इतकी वर्षं हे कोणाच्या लक्षात कसं आलं नाही. त्याने मान हलवली, मिशीवरून हात फिरवला आणि मिलकडे गेला. तेव्हापासून तोलखोलीत पाय ठेवायची त्याला गरजच पडली नाही. आपला मान राखला जातोय हे त्याने घरी बायकोला सांगितलं, शेजाऱ्याला सांगितलं. स्टोअरकीपरला तेवढं काही सांगितलं नाही. मान घेणाऱ्याने आभार मानत फिरलं तर मानाचं वजन कमी होतं, अशी त्याची समजूत होती.

महिने गेले. थोरल्याचा मुरडा थांबला. भूक लागू लागली. मनगटात जोर आला, सुरी पुन्हा पूर्वीसारखी चालू लागली. एक दिवस त्याने बरणीचं घट्ट झाकण एका हाताने उघडलं आणि ते दाखवायला घरभर फिरला.

धाकटा त्याच काळात उतरत गेला. चेहरा पांढराफटक पडला. जेवता जेवता पोट धरून बसायचा. वहिनीने सांगितलेली कामं विसरायचा, आणि आठवण केली की कधी नव्हे तो वसकन अंगावर यायचा. मग एकटाच जाऊन अंगणातल्या पायरीवर बसायचा.

थोरल्याला ते दिसत होतं. त्याला वाईटही वाटत होतं. तो दगड नव्हता. पण वाईट वाटण्याच्या जोडीला दुसरंही काहीतरी वाटत होतं, आणि ते तो स्वतःशीसुद्धा बोलला नसता. फरक पडतोय, असं ते होतं. पट्टी तडकायला लागलीय, म्हणजे दुसरी टिकतेय. इतकी वर्षं गच्चीवर पट्ट्या बघून त्याची नजर अशी झाली होती.

"बास झालं तुमचं शास्त्र," बायको म्हणाली. "पोराची दशा बघा जरा. आजपासून मी त्याला द्यायला लागणार."

"तपासणी तोंडावर आलीय. आत्ता दिलंस तर इतके दिवस पाण्यात गेले. एकदा कागद हातात आला की पेटी भरून आणतो त्याच्यासाठी, मग तर झालं?"

धाकट्यानेही थोरल्याचीच री ओढली. "थोडेच दिवस, वहिनी." मग मात्र तिने हात टेकले.

कागद आला. थोरल्याचं शिसं निम्म्याहून खाली. धाकट्याचं इतकं वर गेलेलं, की डॉक्टरांनी त्याला तातडीने निरोप पाठवला: दुसऱ्या दिवशी दवाखान्यात भरती व्हायचं, शिसं बाहेर काढायचं औषध शिरेतून द्यावं लागेल. भावाची काळजी थोरल्याला वाटलीच. पण ती कागद घडी घालून खिशात ठेवल्यानंतर वाटली. त्याआधी तो कागद सगळ्या मिक्सिंग खात्यातून फिरला.

"बघा. एकच मिल, एकच पावडर. मी खाल्लं, त्याने नाही खाल्लं."

आकडे डोळ्यांसमोर होते आणि माणूस मिस्त्री होता. लोकांनी मान्य केलं. जेवणाच्या सुट्टीत डब्यांतून संत्री निघू लागली. एकाने खिळ्यावरच्या आपल्या मास्कवर संत्र्याची साल अडकवली आणि म्हणाला, "आता तू आराम कर." सगळे हसले. थोरला सर्वांत मोठ्याने हसला. जे दोघंचौघं कधीमधी मास्क लावत, त्यांनीही तो काढून ठेवला.

दुसऱ्या दिवशी थोरल्याची मागची पाळी होती. धाकटा त्याच्या आधीच घरातून निघाला होता, दवाखान्यात जाण्यापूर्वी कारखान्यातल्या कपाटातलं सामान घेऊन येतो म्हणून. थोरल्याचं मन त्या दिवशी मोठं झालं होतं. त्याने पिशवीत संत्री घेतली आणि कारखान्यात शिरल्या शिरल्या आधी स्टोअर गाठलं.

"घ्या," तो स्टोअरकीपरला म्हणाला. "इतके दिवस माझे ट्रे भरताय, मी एका शब्दाने बोललो नाही. मनात ठेवू नका."

स्टोअरकीपरने पिशवीत डोकावून पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे. "कसले ट्रे?"

"तोलखोलीतले. पिवळ्या पावडरीचे."

"मिस्त्री, मला वेड लागलंय का? मी त्या खोलीत मेलो तरी पाय ठेवणार नाही. ते काम माझं नव्हे आणि मला ते सांगायची कोणाची छातीही नाही."

पिशवी तिथेच ठेवून थोरला वळला. विचार त्याने काही केला नाही. पाय आपले आपण तोलखोलीकडे निघाले. दार लोटलेलं होतं. आत धाकटा पिंपावर वाकला होता. मास्क होता, पण गळ्यात. फावडं त्याने डाव्या हातात धरून उजव्या कोपराने सावरलं होतं, कारण उजवा हात मनगटापासून खाली लोंबत होता. जाम झालेल्या खिडकीतून येणाऱ्या उजेडात पिवळी पूड दाटून राहिली होती आणि त्याच्या केसांवर, पापण्यांवर, ओठांवर बसत होती. झाकण घातलेले ट्रे ओळीने मांडलेले होते.

"कोणाचे ट्रे हे?" थोरल्याने विचारलं, माहीत असूनही.

"तुझे." धाकट्याने वर पाहिलं. "दवाखान्यात उशिरा बोलावलंय. म्हटलं, आजचे करून जावं."

"कधीपासून?"

"झाले बरेच दिवस."

थोरल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि त्याच्या तोंडून जे पहिलं वाक्य निघालं, त्याची त्याला जन्मभर शरम वाटत राहिली. तो ओरडला, "माझा नमुना बिघडवलास तू!"

 धाकटा फावडं पिंपात ठेवून म्हणाला, "नमुना बिघडला. हात वाचला ना?"

थोरल्याची नजर आपल्या उजव्या मनगटावर गेली.

"त्या दिवशी सुरी पडली तेव्हा तुझा हात रोलरपासून एवढ्यावर होता." धाकट्याने बोटांनी दाखवायचा प्रयत्न केला, पण बोटं उघडली नाहीत. "तेल नव्हतं दादा मुठीला. मला दिसत होतं. तुला तोलखोलीत जाऊ नकोस म्हटलं असतं तर तू ऐकलं असतंस का? उलट दोनदा गेला असतास."

हे खरं होतं, आणि खरं असल्यामुळे त्यावर ओरडता येत नव्हतं. थोरल्याने भावाच्या काखेत हात घालून त्याला बाहेर काढलं, नळाखाली त्याचे हात, तोंड, केस धुतले, आणि स्वतः त्याच्याबरोबर दवाखान्यात गेला.  रिक्षात धाकट्याला पुन्हा मुरडा आला तेव्हा थोरल्याने त्याला धरून ठेवलं.

दवाखान्यात धाकट्याच्या शिरेत सुई गेली. डॉक्टरांनी थोरल्याला बाहेरच्या बाकावर बसवून सांगितलं की रक्तातलं शिसं उतरेल, मनगटही बहुतेक सुधारेल. हाडांत बसलंय ते वर्षानुवर्षं थोडं थोडं सुटत राहणार. मूत्रपिंडांना धक्का लागलाय. तो किती भरून येईल ते आज सांगता येत नाही.

"आणि मी? मी कशाने बरा झालो?" थोरल्याने विचारलं.

"पावडर बंद झाली म्हणून. फळांनी हातभार लावलाही असेल. पण सगळं ओझं त्यांच्यावर टाकू नका."

वहिनी धापा टाकत आली. तिला सगळं सांगावं लागलं आणि सांगायला थोरल्याशिवाय दुसरं कोणी नव्हतं.  सांगून झाल्यावर ती म्हणाली, "तुम्ही त्याच्या तोंडचं काढलंत आणि मी काढू दिलं. लहानपणापासून त्याला भरवलं मी, आणि ऐन वेळी ताट मागे ओढलं. मला तुमचा राग येतोय आणि माझाही येतोय. आत्ता माझ्याशी बोलू नका." मग ती आत गेली, खाटेजवळ स्टूल ओढून बसली आणि पिशवीतलं संत्रं सोलू लागली. धाकट्याने ते खाल्लं. त्याच्या ओठांना आंबट झोंबलं तसं तिने पदराने पुसलं. याने त्याच्या हाडांतलं काही निघणार नव्हतं, हे डॉक्टरांनी तिलाही सांगितलं होतं. तिने सोलायचं थांबवलं नाही.

दुसऱ्या दिवशी थोरला कामावर आला. मिक्सिंग खात्यात जेवणाची सुट्टी झाली होती आणि लोक मिलच्या कठड्यावर ओळीने बसून डबे उघडत होते. कोणाचे हात धुतलेले नव्हते. संत्री सोलली जात होती, आणि सालीवर पिवळ्या बोटांचे ठसे उठत होते.

"मिस्त्री, या! कोरा कसा आहे?"

"त्याला कोरा म्हणायचं नाही आता," थोरला म्हणाला. तो बसला नाही. "आणि तो कागद खोटा आहे. आकडे खरे आहेत, पण मी सांगितलं ते खोटं."

कोणाला काही कळलं नाही. मास्कवर साल अडकवणारा म्हणाला, "खोटं कसं? तुम्ही तर बरे झालात की. हात बघा तुमचा, कसा चालतो."

"संत्र्यांनी नाही झालो. त्या खोलीत मी इतके महिने गेलोच नाही. माझ्या वाटची पावडर माझ्या भावाने खाल्ली. मी घरी बसून फळं खाल्ली, आणि त्याला खाऊ दिली नाहीत." त्याने खिशातला तो कागद काढून कठड्यावर ठेवला. "मी त्याला भेगा पडताना बघत होतो रे. आणि मला वाटत होतं, जमलं."

 तो नुसती दिलगिरी सांगायला आलेला नव्हता, म्हणून पुढे बोलत राहिला. मॅनेजरला सांगून आलोय, तो म्हणाला; तोलखोलीचा पंखा लागत नाही आणि खिडकी उघडत नाही तोवर पिवळ्या पावडरीचा माल निघणार नाही. लॅबवाल्या बाई बरोबर होत्या. त्याही मॅनेजरसमोर हेच बोलल्या.

"मग फळं खायची की नाही?" कोणीतरी खालच्या आवाजात विचारलं.

"खा की. आधी मास्क, मग हात-तोंड धुवायचं, मग फळं. पहिल्या दोन गोष्टी केल्या नाहीत तर तिसरी कचऱ्यात टाकली काय आणि खाल्ली काय."

काही जण उठून नळाकडे गेले. साल अडकवणाऱ्याने आपला मास्क खिळ्यावरून काढला, साल झटकली आणि तो हातात धरून उभा राहिला. त्याला अजून काहीतरी विचारायचं होतं.

"पण त्याने असं केलं का? तुम्हाला नुसतं सांगायचं. नाहीतर दोघांनी वाटून घ्यायचं. सगळं एकट्यानेच कशाला?"

"मीही विचारलं त्याला काल," थोरला म्हणाला. "सुई लावलेली असताना. म्हणाला, दादा, एकाने भागत होतं. मग दोघांनी कशाला?"

एवढं बोलून तो मिलच्या मागच्या बाजूला गेला आणि भावाने आदल्या दिवशी भरलेल्या, आता तिथे आणून ठेवलेल्या ट्रेंवरची झाकणं नीट दाबून बसवू लागला. ते परत पिंपात ओतायला कोणी आत जाऊ नये, असं त्याने दोनदा बजावलं.